बाबांना खाली घेतलं ती सकाळ

धाप लागलेला माणूस घरात असला की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला वैद्यकी सुचते. कुणी म्हणतं ओव्याचा शेक द्या, कुणी म्हणतं छातीला निलगिरी चोळा, कुणी अडुळशाची पानं घेऊन येतं आणि चहा पिऊन जातं. माझा भाऊ पुण्याहून रोज फोनवर विचारायचा, ऑक्सिजन लावला का? तिकडं बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. बाबांच्या बोटाला लावायचं यंत्र तेव्हा बऱ्यापैकी आकडा दाखवायचं, आणि तरीही बाबांना वाटायचं की कुणीतरी छातीवर बसलंय. यंत्र बरं म्हणतंय म्हणजे माणूस बरा, असं समजणाऱ्या लोकांचा मला तेव्हा संताप यायचा. अजूनही येतो.

मी वाळूजला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. ओतीव सुट्या भागांत केसाएवढी चीर सापडली तरी तो भाग बाजूला काढायचा, हे माझं पंचवीस वर्षांचं काम. त्यामुळं माझी नजर आधी चुकीवर जाते आणि नजरेमागोमाग जीभही. लग्न केलं नाही ते त्यामुळंच, असं नातेवाईक म्हणतात. म्हणोत बापडे. आई गेल्यावर बाबा आणि मी असे दोघंच बीड बायपासच्या पलीकडं एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो होतो.

बाबा भूमी अभिलेख कार्यालयात कारकून होते. निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचता येणारा त्या कचेरीतला तो शेवटचा माणूस. निवृत्तीनंतरसुद्धा लोक पिवळी पडलेली पानं घेऊन घरी यायचे आणि बाबा चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाला लावून, कुणाच्या पणजोबाची किती बिघे जमीन होती ते सांगायचे. त्यांची फुप्फुसं कडक होत गेली. का झाली ते कुणालाच सांगता आलं नाही. पिळून उन्हात टाकलेलं फडकं वाळून कडक होतं तशी, असं एका डॉक्टरांनी मला समजावलं. पण हे समजावणारा डॉक्टर भेटायला आठ महिने गेले. आठ महिने आम्ही या तपासणीकडून त्या तपासणीकडं, जालना रोडवरून चिकलठाण्याच्या बाजूला आणि परत, रिक्षात धक्के खात फिरत होतो, आणि बाबा रिक्षाच्या दांडीला धरून पुढं वाकून श्वास ओढत होते. एकालाही म्हणावंसं वाटलं नाही की हे बरं होणार नाही, पण त्रास कमी करता येतो. तेवढं एक वाक्य. ते ज्यांनी म्हटलं त्या डॉक्टरांनी आम्हाला पॅलिएटिव्ह केअरवाल्यांकडं पाठवलं आणि तिथून घरी सिस्टर येऊ लागल्या.

सिस्टर सिल्लोडकडच्या होत्या. स्कूटीवर यायच्या, डोक्याला ओढणी गच्च गुंडाळलेली, पापण्यांवर धूळ. त्या वर्षी शहरात धुळीला तोटा नव्हता. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता, आमच्या भोवती मात्र इमारतींचं पीक जोरात होतं. पाणी प्यायला नाही आणि काँक्रीट कालवायला आहे, हे गणित मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. रस्ता खणून ठेवलेला, दिवसभर डंपर. मी बाबांच्या खोलीच्या खिडक्या घट्ट लावून ठेवल्या होत्या.

सिस्टरांनी आल्या आल्या पहिलं काम केलं ते खिडकी उघडण्याचं. भांडी विसळलेल्या पाण्यात जुनं पातळ भिजवून, पिळून, ते खिडकीला बांधायला लावलं. मग खाट फिरवून बाबांचं तोंड वाऱ्याकडं केलं. बाबांना खाटेच्या कडेला बसवलं, पुढं टेबल, टेबलावर दोन उशा, त्यावर हात आणि डोकं टेकवून पुढं झुकायचं. सेलवर चालणारा हातात धरायचा छोटा पंखा त्यांनी बाबांच्या गालाजवळ धरला. गालाला नि नाकाला गार वारं लागलं की दम कमी लागतो, असं त्या म्हणाल्या. मला ते थोतांड वाटलं. दोन मिनिटांत बाबांचे खांदे खाली आले तेव्हा तो पंखा मी त्यांच्या हातून घेऊन धरून बसले.

"बशीतला चहा कसा फुंकता, काका? तसा श्वास बाहेर सोडायचा. आहिस्ता. आत घ्यायची घाई नाय करायची," असं त्यांनी सांगितलं आणि बाबा खरोखर ओठ पुढं काढून नसलेला चहा फुंकू लागले. पुढं ते आमच्या घरातलं रोजचंच झालं. धाप वाढली की मी म्हणायची, बाबा, चहा. आणि ते फुंकायचे.

मग गोळी. मॉर्फिनची, अगदी कमी मात्रेची, दर चार तासांनी. बाबांनी सिस्टरांना विचारलं की ही अफूच ना, आणि निजामाच्या काळातले अफूचे परवाने आपण वाचलेत हेही सांगून टाकलं, तीन-तीन शब्दांवर थांबत. त्या हसल्या. हो म्हणाल्या, पण हिनं दम लागण्याचं भ्यान कमी होतं, जीव घाबरा होत नाही. मात्र पहिले दोन-तीन दिवस झोप फार येईल. इतक्या रात्रींचं जागरण आहे, शरीर ते भरून काढणार. झोपू द्यायचं.

जाताना दारात मला वेगळं म्हणाल्या, "ताई, एक ध्यानात ठेवा. यांना आडवं करायचं नाय. झोपले तरी बसूनच झोपतील. आडवं केलं की गुदमरतील."

मी ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलं. गोळीच्या वेळा, जास्त दम लागला तर द्यायची जादा गोळी, आणि खाली दोनदा अधोरेखित: आडवं करू नये. कारखान्यात सूचना अशीच लावतात. कारखान्यात ती लोक वाचतातही.

गोळी सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ पुण्याहून आला. येताना काकांना घेऊन आला. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, अठ्ठ्याहत्तरचे, बँकेतून निवृत्त, पण आमच्या घराण्यात पूर्वी भिक्षुकी होती तिचा उरलासुरला वारसा त्यांनी सांभाळलेला. बारशाला कुणी बोलावो न बोलावो, मरणाला काका हवेतच. भावकीतलं एकही माणूस आपण खाटेवर जाऊ दिलं नाही, असं ते अभिमानानं सांगायचे. आमच्यात माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून उचलून जमिनीवर घेतात. भुई सारवून, हल्ली पुसून, दर्भ पसरायचे, त्यावर आडवं करायचं, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र. खाटेवर प्राण गेला तर गती मिळत नाही. साठ वर्षं काका हे काम करत आले होते आणि वेळ ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायची.

त्या सकाळी बाबा झोपले होते. टेबलावरच्या उशांवर गाल ठेवून, तोंड थोडं उघडं, श्वास संथ, मध्येच किंचित थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा. तीन आठवड्यांत त्यांना सलग चार तास झोपलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. खाली टँकर आला. आमच्या इमारतीला महापालिकेची जोडणी नव्हती, दोन्ही बोअर आटलेले, म्हणून सोसायटीनं गच्चीवरच्या टाकीला कुलूप लावलं होतं. टँकर हौदात रिकामा व्हायचा आणि घरटी बारा बादल्या ज्यानं त्यानं जिन्यानं वाहून न्यायच्या. भावाला पाठवता आलं असतं. पण त्याच्या कंबरेला पट्टा होता, म्हणून मीच गेले. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो त्याची कंबर. जाताना त्याला सांगितलं, झोपलेत, झोपू दे, पंखा बंद करू नकोस.

सहा बादल्या वर नेऊन झाल्या होत्या. दर खेपेला मी बादल्या स्वयंपाकघरात ठेवायची आणि खोलीत न डोकावता परत फिरायची, कारण रांगेतला नंबर जायचा. सातवी-आठवी घेऊन जिना चढताना मला काकांचा आवाज आला. ते स्तोत्र म्हणत होते. त्या चालीत, त्या सुरात ते स्तोत्र मी फक्त एका प्रसंगी ऐकलेलं होतं.

खाट रिकामी होती. टेबल भिंतीला सरकवलेलं, उशा त्याच्यावर रचून ठेवलेल्या. फरशी माझ्याच पाण्यानं पुसलेली, अजून ओली, आणि तिच्यावर दर्भ पसरून त्यावर बाबा उताणे. डोक्याखाली काही नाही. धुळीची हवा आत यायला नको म्हणून खिडकी लावलेली. उशाशी निरांजन, आणि ते विझू नये म्हणून पंखा बंद. हातातला छोटा पंखासुद्धा.

बाबांचे डोळे सताड उघडे होते. ओठ जांभळे. मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या, आणि एक हात फरशीवर काहीतरी धरायला शोधत होता, दर्भाच्या काड्या मुठीत येत होत्या आणि निसटत होत्या. काका वाकून पळीनं त्यांच्या तोंडात गंगाजल घालत होते. ते घशात अडकून बाबा खोकत होते आणि खोकायलाही श्वास नव्हता. भाऊ पायाशी हात जोडून बसलेला, रडत होता. काकांनी स्तोत्र न थांबवता मला हातानंच खूण केली, ये, बस, प्राण अडकलाय.

मी दोन्ही बादल्या खाली ठेवल्या. हळू ठेवल्या, सांडू न देता. बाप समोर गुदमरत असताना माझ्या हातांनी पाणी वाचवलं, याचा मला अजून राग येतो. दुष्काळानं आपल्याला काय करून ठेवलं ते मला त्या दोन सेकंदांवरून कळतं.

मग मी बाबांच्या डोक्यामागं बसले आणि काखेत हात घालून त्यांना उचलायला लागले. वजन काही राहिलं नव्हतं, तरी एकटीला उचलेनात. भावाला म्हटलं, ऊठ, दुसऱ्या खांद्याखाली हात घाल. त्यानं आधी काकांकडं पाहिलं. चाळीस वर्षांचा घोडा, एका कंपनीत शंभर माणसं सांभाळतो, आणि बापाला उचलू का म्हणून काकांकडं पाहतो. मी काय शिवी दिली ते इथं लिहीत नाही. ती काकांच्या देखत दिली एवढं सांगते. भाऊ उठला.

आम्ही बाबांना माझ्या छातीला टेकवून बसवलं. खिडकी उघडली, पंखा लावला. निरांजन विझलं, ते कुणी पुन्हा लावलं नाही. जादा गोळी मी पाण्याच्या दोन थेंबांबरोबर त्यांच्या जिभेखाली ठेवली आणि छोटा पंखा त्यांच्या गालाशी धरून कानात म्हणत राहिले, बाबा, चहा. बाबा, चहा फुंका. किती तरी वेळ काही होईना. बरगड्या माझ्या हाताखाली नुसत्या आपटत होत्या. मग ओठ पुढं आले. पहिला श्वास अर्धामुर्धा बाहेर पडला, दुसरा जरा लांब. ओठांचा रंग परत यायला वीसेक मिनिटं लागली असतील. माझा पाठीकडचा सगळा भाग ओल्या फरशीनं भिजला होता.

काका तोवर दाराशी उभे होते, पळी हातात तशीच. ते मला म्हणाले, "तू बापाची गती अडवलीस."

मी म्हणाले, "काका, ते मरत नव्हते. ते झोपले होते."

त्यांना ते पटलं नाही. श्वास थांबत थांबत चालला होता, डोळे अर्धे मिटलेले, हाक मारली तर नुसतं हं, साठ वर्षं आपण हेच पाहत आलोय, असं त्यांनी मला सुनावलं. आणि खाली घेतल्यावर त्यांची तडफड झाली ती? ती होतेच, म्हणाले. सगळ्यांची होते. प्राण सुटताना देह झगडतो. मी फ्रिजवरच्या कागदाकडं बोट दाखवलं. तो त्यांनी वाचला होता. डॉक्टरी कागद जगणाऱ्या माणसासाठी असतो, जाणाऱ्यासाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. पालथ्या घड्यावर पाणी. दुपारच्या गाडीनं ते निघून गेले आणि जाताना त्यांनी बाबांच्या पायांना हात लावला नाही, कारण ते थोरले, पण कपाळावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते. ते दिसलं म्हणून माझा राग कमी झाला असं मात्र नाही.

संध्याकाळी सिस्टरांना फोन केला. त्यांनीही काकांना शिव्या द्याव्यात अशी माझी अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, "ताई, लई घरांत होतं हे. तुमच्यात खाली घेतात, कुणाच्यात तोंड पश्चिमेला फिरवून निजवतात. जीव लावूनच करतात समदे. त्येंला कुणी सांगितलंच नाय." मला त्यांचाही राग आला. इतकं समजूतदार असणं मला जमत नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं.

बाबा त्यानंतर नऊ दिवस जगले. आडवे एकदाही झाले नाहीत. भावानं रजा वाढवली. पंखा कसा धरायचा, गोळी कधी द्यायची, ते तो शिकला, आणि माझ्यापेक्षा बरा शिकला, कारण त्याच्या हाताला घाई नव्हती. त्यानं बादल्याही वाहिल्या, पट्टा आवळून. तिसऱ्या दिवशी बाबांची झोपेची गुंगी ओसरली, तशी त्यांनी खिचडी मागितली आणि एका माणसाचा जुना कागदही वाचून दिला. नवव्या दिवशी दुपारी टेबलावर टेकूनच त्यांचा श्वास लांबत लांबत थांबला. भावाच्या हातातला पंखा त्यानंतरही बराच वेळ चालू होता.

तेराव्याला आलेल्यांत कुजबुज होतीच. खाटेवर गेले, बसून गेले, मुलीनं ऐकलं नाही. काकांनी दोष जावा म्हणून शांत करायला सांगितली. मी नाही म्हटलं. ती भावानं पुण्याला परस्पर करून घेतली आणि मला ते कळलंय हे त्याला अजून ठाऊक नाही.

या सगळ्याचा राग मी मिरवला. कारखान्यात सांगितलं, शेजारी सांगितलं, लग्नाकार्यात काका समोर आले की तोंड फिरवलं. ऐकणारे म्हणायचे, बाई, तू होतीस म्हणून बाप वाचला. मी ते ऐकून घ्यायची. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितली नाही.

त्या नऊ दिवसांतला चौथा दिवस. भाऊ पाण्याला खाली गेला होता. बाबांना बरं होतं, उशांवर हात टेकवून ते खिडकीच्या ओल्या पातळाकडं पाहत बसले होते. मी त्यांच्या मागं उभी राहून पाठ चोळत होते. ते बोलायला लागले, नेहमीसारखे, तीन शब्द, मग श्वास, मग तीन शब्द.

"खाली घेतलं ना... तेव्हा कळलं. काय होतं... ते कळलं."

मी म्हटलं, बाबा, झालं ते झालं, बोलू नका.

ते थांबले नाहीत. आईबद्दल बोलत होते. आई सहा वर्षांपूर्वी गेली, हृदय कमजोर झालेलं, पाय सुजलेले, छातीत पाणी. शेवटचे दिवस तीही खुर्चीत बसूनच काढत होती. काका आले, त्यांनी वेळ ओळखली, आणि तिला खाली घेतलं. तिचीही तडफड झाली. आम्ही भोवती बसलो होतो, तुळशीपत्र ठेवलं, आणि अर्ध्या तासात ती गेली. प्राण सुटायला त्रास झाला, पण विधिवत गेली, असं सगळे म्हणाले.

बाबा म्हणाले, "माझा हात धरला होता... तिनं. जोरात दाबत होती. मला वाटलं... निरोप घेतेय."

मग ते बशीतला चहा फुंकल्यासारखे बराच वेळ श्वास सोडत राहिले.

"उठव म्हणत होती ती, बेटा."

माझा हात त्यांच्या पाठीवर होता तो मी तसाच फिरवत राहिले. आईला खाली घेतल्यावर काकांनी मला सांगितलं होतं, उशी काढ, मान सरळ राहू दे. मी काढली. तिनं डोकं उचलायचा प्रयत्न केला तेव्हा कपाळावर हात ठेवून ते मीच खाली दाबून धरलं होतं, हळूच, मायेनं, पड गं, शांत पड असं म्हणत. बाबा तेव्हा तिच्या शेजारीच बसले होते. त्यांनी ते पाहिलं होतं.

माझ्याकडं वळून पाहण्याइतकी ताकद त्यांच्यात होती. त्यांनी पाहिलं नाही.